हिरोसाकी: सफरचंदवाल्यांच्या हातची साकुरा

द्राक्षाचा शेवटचा माल बाजारात गेल्याशिवाय आप्पा निफाड सोडणार नव्हते. त्यामुळे आई-आप्पा नरिता विमानतळावर उतरले तेव्हा एप्रिलचा तिसरा आठवडा संपत आला होता आणि तोक्योतल्या साकुराला, म्हणजे चेरीच्या झाडांना, हिरवीगार पालवी आली होती. निशिकासाईला आमच्या घरासमोरच्या झाडांकडे बोट दाखवून मी म्हटलं, "हीच ती." आईने मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "चांगलीये. सावली पडत असंल."

पण जपानात बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. तोक्योत तो मार्चअखेर येतो, होक्काइदोत पोचेपर्यंत मे उजाडतो. होन्शू बेटाच्या अगदी उत्तर टोकाला आओमोरी प्रांत आहे, तिथे एप्रिलचा उत्तरार्ध म्हणजे ऐन हंगाम. त्या प्रांतातल्या हिरोसाकी शहरात जुन्या किल्ल्याचीच बाग केलेली आहे. 1895 साली ती लोकांसाठी खुली झाली. आत साकुराची सुमारे 2600 झाडं, जाती पन्नासहून जास्त. पूर्वी इथला बहर एप्रिलअखेरच्या मोठ्या सुट्ट्यांत हमखास सापडायचा. अलीकडे थंडी लवकर सरते, तसा तोही अलीकडे आलाय आणि तारखा जुळवणं जुगार झालाय. यंदा आमचं दान बरं पडलं.

शुक्रवार

हायाबुसा नावाची शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, तोक्योहून शिन-आओमोरीला सव्वातीन तासांच्या आसपास पोचवते. मोरिओकाच्या अलीकडे वेग ताशी 320 किलोमीटरला जातो हे नवऱ्याने आप्पांना सांगितलं. आप्पांनी खिडकीबाहेर पाहून विचारलं, "मग ह्यांच्या रानातली माणसं दिसायची कशी?" डावीकडे इवाते पर्वत बर्फासकट दिसला. त्यानंतर बोगदेच बोगदे. हाक्कोदाचा एकटाच 26 किलोमीटरचा आहे. बाहेर आलो तेव्हा रुळांकडेला अजून मळकट बर्फाचे ढीग होते आणि आईने पिशवीतून माकडटोपी काढली.

शिन-आओमोरीहून साध्या गाडीने हिरोसाकी पाऊण तासाच्या आत येतं. हंगामात गावात खोली मिळणं अवघड, म्हणून आम्ही दोन-तीन स्थानकं पुढे ओवानी नावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात उतरलो. सार्वजनिक स्नानगृहाचे नियम ऐकून आई म्हणाली, "मी आपली पाय बुडवून बसते." तेवढीच सोय बाहेर होती, तिला ती पुरली. इथे झऱ्यांच्या उबेवर मोड काढतात, चांगले वीतभर लांब. माळकरी आईची रात्रीच्या जेवणाची चिंता त्या मोडांनी मिटवली: नुसते उकडून, वर मीठ आणि आपली शेंगदाण्याची चटणी.

संध्याकाळी बागेत गेलो. दिवे लागल्यावर खंदकाच्या पाण्यात झाडं उलटी दिसतात, छायाचित्रांत तेच येतं. छायाचित्रांत न येणारी गोष्ट म्हणजे गर्दी आणि तळणीचा वास. बाहेरच्या तटाच्या आत मोठी जत्राच भरलेली असते. भट्टीवर भाजलेली स्क्विड, सोया सॉसमध्ये उकळलेले कोन्न्याकू कंदाच्या जेलीचे काळपट गोळे, भुताचं घर आणि त्याच्या दारात ओरडून ओरडून घसा बसलेला माणूस. लाकडी विहिरीत मोटारसायकल फिरवणाऱ्यांचा खेळही या उत्सवात वर्षानुवर्षं लागत आलाय. आपला मौत का कुआँच तो. जपानी लोक साकुराखाली बसून फक्त क्षणभंगुरतेचा विचार करतात असं ज्यांना वाटतं त्यांनी शुक्रवारी रात्री इथे यावं.

शनिवार

सकाळी सातच्या आत किल्ल्याच्या ओतेमोन दरवाजापाशी. समोर रस्त्यापलीकडे नगरपालिकेची काँक्रीटची इमारत आहे, ती कुनिओ माएकावा या वास्तुरचनाकाराची, 1958 सालची. माएकावा तरुणपणी पॅरिसला जाऊन, पुढे आपलं चंदीगड आखणाऱ्या ल कॉर्बुझिएच्या हाताखाली शिकला होता. चंदीगड पाहिलेल्या माणसाला त्या सपाट, जाड छज्ज्यांची लगेच ओळख पटते.

बाहेरच्या खंदकावरची झाडं आतल्यांपेक्षा एक-दोन दिवस आधी फुलतात. ती पूर्ण भरात होती, एखाद-दुसरी पाकळी सुटायला लागलेली. बहुतेक झाडं सोमेइ-योशिनो जातीची. ही जात बियांपासून तशीच्या तशी उतरत नाही. कलमावर कलम करत ती देशभर गेली, म्हणून सगळी झाडं अंगाने एकच आणि एका हवेत एकदमच फुलणारी. पानांच्या आधी फूल येतं, त्यामुळे फांदीवर फुलांशिवाय काही दिसत नाही.

इथे आप्पांचं लक्ष भलतीकडे गेलं. आम्ही सगळे वर बघत होतो, ते खोडाकडे. एका झाडापाशी थांबून त्यांनी टोपी मागे सारली.

"हे जाणत्यानं छाटलंय."

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. खाली झुकलेल्या फांदीवरच्या एका डोळ्यातून किती फुलं निघालीत ते हात न लावता मोजायला लावलं. पाच. शेजारच्या डोळ्यातून चार, त्याच्या वरच्यातून सहा. तोक्योत एवढी नसतात, तीन-चारावर आटपतं. आप्पांनी बोटाने हवेत फांदीची रेघ ओढून दाखवली: जुनं लाकूड कुठे काढलंय, त्याच्या बुडातून नवा फुटवा कुठे घेतलाय, आतल्या बाजूला ऊन शिरायला खिडकी कुठे ठेवलीय. जाड फांद्या खोडाला लागून साफ उतरवलेल्या होत्या आणि कापलेल्या तोंडावर रंगासारखा थर होता. "पेस्ट लावलीये," आप्पा म्हणाले. द्राक्षाच्या खरड छाटणीचे दिवस होते, निफाडला या वेळी काका मजुरांच्या मागे असणार आणि आप्पांचा अर्धा जीव तिथे होता. आता तो इकडे आला.

दुसऱ्या तटाच्या आत, दुय्यम पहारेकऱ्यांच्या जुन्या चौकीजवळ, एक स्वयंसेवक वाटाड्या भेटला. सत्तरीचा, स्वतःची सफरचंदाची बाग असलेला. मी जपानीत विचारलं, आप्पांनी मराठीत, आणि त्याने दोघांनाही सारख्याच गांभीर्याने उत्तरं दिली.

त्याच्याशेजारी उभं होतं ते 1882 साली लावलेलं झाड, देशातलं सगळ्यात जुनं सोमेइ-योशिनो मानतात ते. खोड वाकलेलं, सालीवर शेवाळ, बुंध्याला टेकू. वर मात्र कोवळ्या फांद्या फुलांनी लगडलेल्या. सोमेइ-योशिनोचं आयुष्य साठेक वर्षं, असं जपानात सर्रास म्हणतात. या बागेत शंभरी ओलांडलेली तीनशेच्या वर झाडं आहेत.

1882 ची हकिगत त्याने सांगितली ती अशी. 1868 नंतर शोगुनशाही, म्हणजे लष्करी सरदारांची राजवट, गेली, पाठोपाठ सरदारक्या गेल्या आणि त्सुगारू घराण्याचा हा किल्ला ओस पडून रान माजलं. जुन्या संस्थानातले एक सामुराई, तातेए किकुची, यांनी त्यात साकुराची हजार रोपं लावली. बाकीचे बेकार सामुराई खवळले. किल्ला म्हणजे काय मौजमजेची जागा आहे? त्यांनी रोपं उपटली, मोडली. त्यातून जी थोडी वाचली त्यांतलं हे. आणि हेच किकुची आओमोरीतल्या सफरचंद लागवडीचे आद्य पुरुष मानले जातात. 1875 साली सरकारकडून आओमोरीला सफरचंदाची तीन रोपं आली होती. आज देशातलं निम्म्याहून जास्त सफरचंद या एका प्रांतात पिकतं आणि प्रांतात हिरोसाकी पहिलं. नोकरी गेलेल्या सामुराईंनी तलवार ठेवून कात्री धरली, असं म्हणायला हरकत नाही.

"साकुरा कापणारा मूर्ख आणि उमे न कापणारा मूर्ख" अशी जपानी म्हण आहे. उमे म्हणजे जपानी जर्दाळू, त्याला छाटणी मानवते. साकुराची जखम लवकर भरत नाही, बुरशी शिरते आणि फांदी कुजत खाली येते. म्हणून देशभर साकुराला कोणी कात्री लावत नसे. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात या बागेतल्या माळ्यांनी पाहिलं, की कापलेल्या जागेखालून जोमदार फुटवे येताहेत. सफरचंद आणि साकुरा एकाच गुलाबाच्या कुळातली, आणि सफरचंद छाटणं तर इथे पोरासोरांनाही येतं. मग त्यांनी तेच तंत्र साकुराला लावलं: फेब्रुवारी-मार्चमध्ये, झाड निजलेलं असताना, गुडघाभर बर्फात उभं राहून जुनं लाकूड काढायचं, कापलेल्या जागी बुरशीनाशक लेप द्यायचा, बहर सरला की खत, आणि उन्हाळाभर फळबागेला करतात तशी फवारणी. शहराच्या नोकरीत वृक्षवैद्यांची तुकडीच आहे, तिला साकुरामोरी म्हणतात. छाटलेल्या फांद्या गावकऱ्यांना फुकट वाटतात. त्या घरात पाण्यात ठेवल्या की बाहेर बर्फ असतानाच फुलतात.

आप्पांनी विचारायला सांगितलं, "खोड पोकळ झालंय, तिथं काय करता?" म्हाताऱ्याने खोडाच्या भेगेत बोट दाखवलं. कुजलेल्या लाकडाच्या पोकळीत झाड वरून नवी मुळं सोडतं. ती जमिनीला टेकवली की तीच जाड होतात, त्यांच्यावर झाड पुन्हा उभं राहतं. आप्पा गुडघ्यावर बसून आत डोकावले. आईने त्यांच्या पाठीला धरून ठेवलं, आणि मागे फोटोसाठी थांबलेल्या रांगेतून एकही शब्द आला नाही.

मधल्या तटात, होनमारूत, शिरायला काही शे येनांचं तिकीट आहे. किल्ला 1611 चा. मूळचा पाच मजली बुरूज 1627 मध्ये वीज पडून जळाला. आत्ताचा तीन मजली 1810 च्या सुमाराचा, देशात जुने म्हणून उरलेल्या बारांपैकी एक. त्याच्याखालच्या दगडी तटाला फुगवटा आला म्हणून 2015 मध्ये आख्खा बुरूज न मोडता रुळांवरून सत्तर-एक मीटर आत सरकवला. तेव्हा दोरखंडाला हजारो गावकऱ्यांनी हात लावला म्हणे. त्यामुळे लाल पुलावरून पाहिलं की वर बुरूज अशी जी जुनी प्रसिद्ध छबी आहे ती आम्हाला मिळाली नाही. उलट नव्या जागेवरून बुरूज आणि मागे इवाकी पर्वत एका ओळीत येतात. इवाकी 1625 मीटर, कळसूबाईपेक्षा जेमतेम एकवीस मीटरने ठेंगणा. पण एकटा उभा आणि माथ्यावर बर्फ, म्हणून भाव खातो.

दुपारी पश्चिम खंदकाच्या काठी सतरंजी टाकली. इथे सतरंजीच्या कडेला चपला काढून बसतात, आईला ही पद्धत एकदम पसंत पडली. दशम्या, चटणी, लोणचं काढलं. शेजारच्या कुटुंबाने उकडलेल्या खेकड्यांचा डबा पुढे केला. तोगेकुरीगानी नावाचा हा केसाळ खेकडा या भागात खास साकुराखालीच खातात. आईने हात जोडले, नवऱ्याने दोन घेतले. त्यांच्या आजीने दशमी खाऊन पाहिली आणि विचारलं, यात साखर का? गूळ हे मी तिला पंधरा मिनिटं समजावत होते. खंदकात होड्या भाड्याने मिळतात. जावईबुवा वल्हवणार म्हटल्यावर आप्पा काठावरच राहिले.

रविवार

हिरोसाकीत पाहायला आणखी बरंच आहे आणि आम्ही त्यातलं बरंच सोडलं. 1906 ची जुनी नगर वाचनालयाची अष्टकोनी मनोऱ्यांची इमारत आणि 1904 ची बँकेची लाकडी इमारत, दोन्ही साकिची होरिए या स्थानिक सुताराने बांधलेल्या, बाहेरूनच पाहिल्या. बागेसमोर 1917 सालचा लष्करी अधिकाऱ्याचा बंगला आहे, त्यात आता स्टारबक्स चालतं. बसायला जागा मिळाली नाही.

सबंध सकाळ गेली सफरचंद उद्यानात. ही आप्पांची मागणी. गावाच्या कडेला उतारावर ही बाग आहे, समोर पुन्हा इवाकी. सफरचंद मे महिन्यात फुलतं, त्यामुळे त्या दिवशी झाडांवर फक्त उंदराच्या कानाएवढी पानं होती. म्हणजे पर्यटकाला शून्य आणि आप्पांना पर्वणी, कारण सांगाडा उघडा. काल किल्ल्यात जे पाहिलं त्याचं मूळ इथे नागडं दिसत होतं: खोडातून तीन-चार मुख्य फांद्या, त्या आडव्या वळवलेल्या, प्रत्येकीवर ठरावीक अंतराने कापल्याच्या खुणा, नव्या-जुन्या. आप्पा एकेका झाडाभोवती उजवीकडून फिरत होते. आई म्हणाली, "वडाला फेऱ्या घातल्यागत चाललंय."

इथे त्यांनी मला एक गोष्ट सांगितली ती मला आजवर ठाऊक नव्हती. 1980 च्या सुमाराला आजोबांनी द्राक्ष लावलं तेव्हा एप्रिलात वेल खरडून टाकायची कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. पहिल्या छाटणीला ते बांधावर पाठ करून बसले होते. काडी तयार व्हायला उन्हाळ्यात छाटा आणि मालासाठी ऑक्टोबरात पुन्हा छाटा, हे गळी उतरायला दोन हंगाम गेले. "झाडाला लागतं असं वाटतं माणसाला," आप्पा म्हणाले. "लागतंच. पण कुठं कापायचं हे ठाव असलं की ते तिथनंच फुटतं."

दुकानात फुजी सफरचंदं होती. वाशी मार्केटमधून आपल्याकडे येणारं ते फुजी, त्याची निपज इथून जवळच्या फुजिसाकी गावच्या संशोधन केंद्रातली, 1962 मध्ये नाव मिळालेली. आप्पांना वाटत होतं ते चीनचं.

सोमवार

रात्री वारा सुटला आणि सकाळी बारीक पाऊस. परतीची गाडी दुपारची होती, म्हणून सामान घेऊनच बाहेरच्या खंदकावर गेलो. शनिवारी जिथे फांद्यांची सावली पडत होती तिथे पाणीच नव्हतं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फिकट गुलाबी साय. जपानी लोक याला फुलांचा तराफा म्हणतात आणि बरेच जण बहर टाळून खास यासाठी येतात. बदकाचं एक जोडपं मधून गेलं, मागे काळ्या पाण्याची रेघ उमटली आणि ती मिटायला चांगली दोन-तीन मिनिटं लागली. काठावरून जवळ पाहिलं तर साय एकसारखी नसते. वाऱ्याच्या तोंडच्या कोपऱ्यात पाकळ्या बोटभर जाड साचून कडेने तपकिरी पडायला लागलेल्या होत्या. दोन-चार दिवसांनी त्याला वास येतो, तेव्हा कोणी येत नाही. आईने पदराने चष्मा पुसला आणि मला म्हणाली, शनिवारपेक्षा हेच बरं वाटतं, मान दुखत नाही.

गाडीला दीड तास उरला तेव्हा आप्पांनी विषय काढला. हिरोसाकीत सफरचंदाच्या छाटणीच्या कात्र्या घडवणारे लोहार अजून आहेत, हे उद्यानातल्या माणसाने त्यांना सांगितलं होतं. कात्री हाताच्या मापाने घडवून घेतात, तयारही मिळते. दुकान स्थानकापासून फार लांब नव्हतं. आत कोळशाचा वास, भिंतीवर कात्र्या टांगलेल्या, गल्ल्यामागे एक बाई. तिने आप्पांचा उजवा हात मागितला, स्वतःच्या तळव्यावर ठेवून पाहिला आणि विचारलं, झाड कोणतं?

मी द्राक्ष म्हणून सांगितलं. तिने हातातली कात्री परत खुंटीला लावली आणि नम्रपणे म्हणाली, ही सफरचंदाच्या लाकडासाठी आहे, द्राक्षाच्या काडीला जड पडेल, दिवसभरात मनगट जाईल. हलकी तिच्याकडे नव्हती. आप्पांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, म्हणाले, बाई खरं बोलतीये, आणि तीच कात्री पुन्हा उतरवून मागितली. किंमत ऐकून आईने रुपयांत किती होतात ते विचारलं. मी सांगितलं नाही, नवऱ्याने सांगितलं.

"बांधावरच्या पेरूला होईल," आप्पा म्हणाले आणि पाकीट काढलं. बाईने कात्रीची पाती तेलाच्या फडक्याने पुसून कागदात गुंडाळली आणि विमानात ही हातातल्या पिशवीत चालणार नाही, मोठ्या बॅगेत तळाशी घाला, असं दोनदा बजावलं. स्थानकावर पोचेपर्यंत आईचं चालूच होतं, की पेरू एकच आहे आणि तोही राघूंनी खाल्लेला.